बोटाच्या टोकाशी

आधी बूट धुवा, मी म्हणते. मग हात.
बीजाणू आपल्याच पँटींवर बसून
या शेतातून त्या शेतात फुकट फिरतात
आणि आपण म्हणतो, वाऱ्याने आणला रोग.

चिलालोच्या उतारावर धुकं अजून रेंगाळलेलं.
सोळाजण, गुडघ्यापर्यंत ओले,
गळ्यात सुतळीने बांधलेलं दहापट भिंग.
गहू पोटरीत आलाय. हीच वेळ.
ओंब्या वाळल्यावर रोग ओळखणं
म्हणजे पाहुणा उपाशी गेल्यावर पान मांडणं.

पहिल्या दिवशी कुणालाच काही दिसत नाही.
दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सगळीकडे तांबेरा दिसतो:
चिखलाचा शिंतोडा, पाखराची शीट,
खताला मुकलेलं पान,
त्सिगेला तर स्वतःच्या वहीच्या कडेवरही.
नजरेला कावीळ झालीय, मी हसते. उतरेल.
तिसऱ्या दिवशी भांडणं होतात. हा दिवस मला आवडतो.
पाच टक्के की दहा?
डोळा घाबरट असतो, नेहमी दुप्पट सांगतो.
आणि काहीच नसेल तर शून्य लिहा.
रकाना रिकामा ठेवू नका.
रिकामा म्हणजे तुम्ही गेलाच नव्हतात.
शून्य म्हणजे गेलात, वाकलात, पानन् पान उलटलंत,
आणि नव्हतं.

केदिरचे चोवीस फोटोंपैकी अकरा चुकले.
आठ वर्षं हा माणूस शेतकऱ्यांच्या बांधावर उभा राहून
सल्ला देतोय.
संध्याकाळी, कॉफीचा तिसरा कप संपल्यावर,
बाकीचे निखाऱ्याभोवती सरकले तेव्हा तो म्हणाला,
"बिर्के, मला तांबडं आणि हिरवं
वेगळं दिसत नाही. लहानपणापासून.
आमचा तांबडा बैल कुरणात बसला
की शोधायला धाकटा भाऊ लागायचा."
कुणालाच सांगितलं नव्हतं त्याने. बायकोलाही.

नियमाप्रमाणे त्याचं नाव यादीतून खोडायचं होतं.
पेन्सिल हातात होती.
मी तिला टोक केलं, आणि ठेवून दिली.

सकाळी मुमिना आदोच्या शेतात
केदिर सगळ्यांच्या मागे.
डोळे अर्धे मिटलेले,
प्रत्येक ताट अंगठा आणि तर्जनीच्या मधून
खालून वर सरकवत,
जशी नवी सदरा घेताना बाई
शिवण चाचपते, कुठे उसवलीय का.

थांबला.
"इथं साल फाटलीय."
मला हिरवं ताट दिसत होतं. दव.
भिंग लावलं तरी आधी दवच.
मग खोडाला बिलगलेलं पान मी हलकेच सोलून काढलं
आणि आत एक पुळी, तिळाहून बारीक,
कडा खरखरीत उसवलेल्या, पोटात विटेची भुकटी.
खोडावरचा तांबेरा.
पंधराजण त्या सरीतून डोळ्यांनी गेले होते.
सोळावी मी.

मुमिनाने विचारलं, "किती दिवस आहेत?"
आज फवारलंत तर पुरेसे, मी म्हटलं.
दुकान गुरुवारी उघडतं, ती म्हणाली.
आज सोमवार.
त्सिगे काही न बोलता मोटारसायकलकडे धावली.

मग मी सगळ्यांना डोळे मिटायला लावले.
भर शेतात सोळा आंधळे, गव्हाची ताटं चिमटीत धरून,
आणि केदिर एकेकाचं बोट धरून सांगतोय,
"हे गुळगुळीत. हेही. आता इथे. लागलं?"
मुमिनाची नात बांधावर पोट धरून हसत होती.

नमुन्याच्या पाकिटावर छापलेलं असतं:
तारीख, वाण, उंची, कोणी पाहिला.
केदिरने "पाहिला" वर रेघ मारली,
थोडा वेळ पेन चावला,
आणि काहीच न लिहिता खाली सही केली.

परत निघताना पुन्हा बूट. पुन्हा हात.
ती यादी अजून माझ्या खिशात आहे,
दवाने ओली झालेली. शुक्रवारी द्यायची आहे.